रिपीट शॉट

आमच्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त वेळा पाहिला जाणारा सिनेमा कोणता, असं मला कोणी विचारलं, तर मी म्हणेन लग्नाचा व्हिडिओ. तुळशीचं लग्न आटोपलं की आमचा हंगाम सुरू होतो. खामगाव, नांदुरा, मोताळा, चिखली, मेहकर, जिथून बोलावणं येईल तिथे कॅमेरे, बॅटऱ्या आणि दोन पोरं घेऊन निघायचं. पुढे ते चित्रण घरोघरी फिरतं. दिवाळीला पाहुणे जमले, की कोणीतरी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावतं. आपण त्यात दिसतो का, किती वेळ दिसतो, स्टेजवर दिसतो की पंगतीत, यावरून रुसवेफुगवे होतात. आहेर देताना मामांना घेतलं नाही, म्हणून उरलेले पैसे अडवून धरणारे वधुपिते मी पाहिले आहेत. दिसणं हा मानापानाचा भाग आहे, हे या धंद्यात लवकर कळतं.

आणि न दिसणंही कळतं. बुकिंगच्या वेळी नाही, ऐन लग्नाच्या सकाळी कोणीतरी जाणतं माणूस मला बाजूला घेतं आणि हळू आवाजात सांगतं, “भाऊ, तिकडं कोपऱ्यात ते पोट्टं बसलं हाये न, त्याले व्हिडिओत घेऊ नोका बरं.” सांगणारा वाईट नसतो. बहुतेक वेळा तोच सकाळपासून त्या मुलाला भरवत असतो, त्याचं तोंड पुसत असतो. त्याला भीती असते ती सोयरिकीची. घरात असं मूल आहे हे चार गावांत दिसलं, तर धाकट्या बहिणीचं लग्न अडेल, ही ती भीती. मी मान डोलावतो आणि कॅमेरा जिथे असायला हवा तिथेच ठेवतो. व्हिडिओ पाहिल्यावर कोणी तक्रार घेऊन आल्याचं मला आठवत नाही.

माझा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक आहे. आता चौदाव्या वर्षात आहे. तो तीन वर्षांचा होत आला तरी हाकेला वळून पाहत नव्हता, म्हणून इथल्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं, अकोल्याहून पुढे तेव्हाच्या औरंगाबादला. तिथे नाव कळलं. त्या काळात ऑटिझमचं सरकारी प्रमाणपत्र मिळवणं अवघड होतं, कारण 1995 च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे जे 7 प्रकार होते त्यांत तो नव्हताच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले आणि त्यात आमच्या मुलाला जागा मिळाली.

प्रमाणपत्रासाठी जी तपासणी होते, तिचा तक्ता भारतातच तयार झालेला आहे. त्याला ‘इसा’ म्हणतात. त्यात 40 मुद्दे आहेत. नजरेला नजर देतो का, एकाच वस्तूला चिकटून राहतो का, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो का, स्वतःला इजा करून घेतो का. प्रत्येक मुद्द्याला 1 ते 5 गुण आणि शेवटी बेरीज. बेरीज 70 च्या आत असली तर ऑटिझम नाही, 106 पर्यंत सौम्य, 153 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. यातला अगदी शेवटचा, चाळिसावा मुद्दा असा, की या व्यक्तीकडे काही असामान्य क्षमता आहे का. तारखा, आकडे, स्वर, चित्रं, असं काही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. नंतर घरी येताना, बाळापूरच्या आसपास, माझ्या डोक्यात आलं की हा मोठा गमतीचा मुद्दा आहे. सरकारी तक्त्यात ही क्षमता असली तर गुण वाढतात, म्हणजे अपंगत्व वाढतं. सिनेमात हीच क्षमता असली तर अपंगत्व माफ होतं.

सिनेमाचं हे गणित बरंच जुनं आहे. 1988 साली हॉलिवूडचा ‘रेन मॅन’ आला. डस्टिन हॉफमन त्यात ऑटिस्टिक भाऊ झाला होता, त्याला ऑस्कर मिळालं, सिनेमालाही मिळालं. तो भाऊ पत्ते मोजतो आणि लास व्हेगासच्या जुगारात पैसे जिंकून देतो. या पात्राची कल्पना लेखकाला ज्यांच्यावरून सुचली ते किम पीक अफाट स्मरणशक्तीचे गृहस्थ होते, पण त्यांना ऑटिझम नव्हता, असं पुढे तज्ज्ञांनी सांगितलं. म्हणजे जगाने ऑटिझमचा चेहरा म्हणून जो पाहिला, त्याचं मूळ दुसरीकडेच होतं. अमेरिकेतले बर्नार्ड रिमलंड स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. त्यांनी 1978 साली अंदाज मांडला होता की अशी विलक्षण क्षमता साधारण दहातल्या एकात सापडते. तो अंदाज खरा धरला तरी उरलेली नऊ मुलं कुठल्या पिक्चरमध्ये आहेत, हा प्रश्न राहतोच.

ती नऊ मुलं आमच्या दुकानात येणाऱ्या माणसांच्या प्रश्नात असतात. दुकानात एडिटिंगच्या टेबलापाशी मुलाची खुर्ची आहे. गिऱ्हाईक अल्बम पाहायला येतं, त्याच्याकडे बघतं, आधी गप्प राहतं आणि मग विचारतंच. “याच्यात काही येगळी कला असीन न? अशा पोट्ट्यायले आकडे-बिकडे पाठ अस्तात म्हणे.” विचारणाऱ्याला मला धीर द्यायचा असतो, हे मला समजतं. पण मी नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. काही जण तर तेवढ्यावर थांबत नाहीत. “असीन, असीन. तुम्हाले अजून सापडली नसीन.” जणू मी शोधण्यात कमी पडतोय.

असं असलं तरी सिनेमाचे उपकार मी नाकारत नाही. 12 फेब्रुवारी 2010 ला ‘माय नेम इज खान’ लागला. त्यातल्या रिझवानला अॅस्पर्जर आहे. गर्दीचा, आवाजाचा, पिवळ्या रंगाचा त्याला त्रास होतो आणि बिघडलेली यंत्रं तो दुरुस्त करतो. आमचा मुलगा जन्मायच्या आधीच मी तो पाहिला होता. पुढे एसटीत मुलगा कानांवर हात दाबून ओरडायला लागला, की शेजारचे प्रवासी कुजबुजायचे. तेव्हा “शाहरुखचा तो पिक्चर पाह्यला का? तसंच हाये याचं,” एवढं सांगितलं की लोक सरकून जागा द्यायचे. आजार संसर्गजन्य नाही, पोरगं वेडं नाही, आईबापाने लाडावून ठेवलेलं नाही, हे सगळं एका वाक्यात उरकायचं. हे काम दुसऱ्या कशानेही झालं नसतं. त्या सिनेमाच्या आदल्या वर्षी झी टीव्हीवर ‘आप की अंतरा’ ही मालिका आली होती, त्यातली लहान मुलगी ऑटिस्टिक होती. माझ्या बायकोच्या आत्याला ती मालिका माहीत होती, म्हणून आमच्या नात्यात निदान सर्वांत आधी तिने मानलं.

अडचण दुसऱ्या वाक्यापासून सुरू होते. रिझवान देशभर भटकून राष्ट्राध्यक्षांना भेटतो. ‘तारे जमीं पर’मधला ईशान डिस्लेक्सियाचा, म्हणजे त्याचा आणि आमचा तसा काही संबंध नाही. पण लोकांच्या मनात सगळं एकत्र झालेलं आहे. ईशान चित्रकलेची स्पर्धा जिंकतो, म्हणून आमच्या घरी दर वाढदिवसाला रंगपेटी येते. मुलाला ब्रश पाण्यात बुडवायला आवडतं. बुडवायचा, काढायचा, थेंब पडताना पाहायचे. कागदाकडे तो ढुंकूनही बघत नाही. आणणारा पाहुणा मात्र ताटकळत असतो, की आता काहीतरी उमटेल.

मराठीत 1991 चा ‘चौकट राजा’ आहे. दिलीप प्रभावळकरांचा नंदू महाराष्ट्र विसरलेला नाही. पण आमच्या गल्लीत ते नाव एका साध्या, प्रौढ माणसाला चिडवण्यासाठी कित्येक वर्षं वापरलं गेलं. त्यात सिनेमाचा दोष नाही. ज्या गावात अशा माणसांबद्दल बोलायला दुसरं काही नसतं, तिथे एकुलत्या एका पात्रावर सगळ्यांचं ओझं पडतं. 2014 च्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच भूमिकेत होती, ते मला फार पटलं. पण आईबाप म्हणून मला सगळ्यात जवळचा वाटला तो प्रसाद ओक यांचा 2017 चा ‘कच्चा लिंबू’. त्यातला मुलगा ऑटिस्टिक नाही, गतिमंद आहे. तो मोठा होतोय, शरीर वाढतंय, आणि आईबापांना एकमेकांशी बोलायलाही वेळ उरलेला नाही. त्या दोघांचा थकवा कॅमेऱ्याने न सजवता दाखवला आहे. आमच्या घरात तो थकवा रोज असतो, त्याला कोणी बक्षीस देत नाही.

आपल्याकडे सिनेमा यायच्या आधीही अशा माणसांच्या गोष्टी होत्याच. आमच्या जिल्ह्यात तर त्या फार ठळक आहेत. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि मन बिघडलेल्या माणसांना घेऊन लांबलांबून कुटुंबं येतात. मुलाला तिथे ने, असं सांगणारे आम्हाला खूप भेटले. दुसरीकडे शेगाव. 23 फेब्रुवारी 1878 ला गजानन महाराज तिथे प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. जाणारे-येणारे वेडा समजून पुढे गेले. बंकटलाल आणि दामोदरपंत थांबले, म्हणून पुढचं सगळं घडलं. माझी आई मुलाला मांडीवर घेऊन हीच कथा सांगायची. “कोन काय असते, ते आपल्याले दिसत नाही बापू.” तिच्या श्रद्धेने आम्हाला त्या दिवसांत तारलं, आणि शेगावच्या संस्थानाने मतिमंद मुलांसाठी शाळाही चालवली आहे, हेही इथे सांगायला हवं. पण माझा मुलगा बाधा झालेला नाही आणि अवतारीही नाही. सिनेमाने या दोन जुन्या वाटांमधली पहिली बंद केली आणि दुसरीला नवा डांबरी थर दिला. चमत्काराच्या जागी प्रतिभा आली. बाकी मागणी तीच राहिली, की सामान्य असून चालणार नाही.

बातम्यांतही तेच दिसतं. मुंबईची जिया राय ही ऑटिस्टिक मुलगी 2021 साली समुद्रात 36 किलोमीटर पोहली, 2022 मध्ये तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. तिचा पराक्रम कोणत्याही मोजमापाने मोठा आहे, आणि तिच्याबद्दल मला अभिमान वाटतो. मात्र ती बातमी आमच्या नातेवाइकांच्या गटावर येते तेव्हा खाली आमच्यासाठी एक ओळ असते, की पाहा, जिद्द असली की काय होतं. म्हणजे नाही झालं, तर जिद्द नव्हती.

असं का होतं, याचं उत्तर मला सिनेमावाल्यांच्या मनात नाही, माझ्याच टेबलावर सापडलं. लग्नाचं चित्रण आठ-दहा तासांचं असतं. गिऱ्हाइकाला तीन तास हवे असतात, आणि आता तर मोबाइलवर टाकायला पाच मिनिटांचा सिनेमॅटिक हवा असतो. मग कात्री कुठे लागते? पहिली कात्री रिपीटला. भटजींनी दोनदा नारळ मागितला, एक काढा. करवली चार वेळा पदर सावरते, तीन काढा. दुसरी कात्री वाट पाहण्याला. नवरदेव घोड्यावर ताटकळतोय, काढा. तिसरी कात्री ज्यातून पुढे काही होत नाही त्या प्रत्येक गोष्टीला. हा नियम मला कोणी शिकवला नाही, हात आपोआप तिकडे जातो. जगातल्या एडिट करणाऱ्या प्रत्येक माणसाचा जातो.

आणि माझ्या मुलाचं जगणं नेमकं या तीन गोष्टींचं बनलेलं आहे. रोज तीच थाळी, तीच वाटी डाव्या बाजूला. शाळेला जाताना तोच रस्ता. चांदीच्या पेढ्यांवरून न जाता दुसरीकडून नेलं की तो रस्त्यात बसतो. ‘गाडी कुठे’ हा प्रश्न उत्तर मिळाल्यानंतरही पुन्हा पुन्हा. दात घासायला शिकणं एक वर्षाहून अधिक चाललं, आणि शिकल्यानंतर आजारी पडला तेव्हा सगळं पुसलं गेलं, मग परत पहिल्यापासून. सिनेमात याचं एक गाणं होतं. तीन मिनिटांत पोरगं दात घासतं, बुटाची नाडी बांधतं, शेवटच्या कडव्याला आईला मिठी मारतं. ते गाणं बनवणाऱ्याला मी दोष कसा देऊ? त्याच्या जागी मीही तसंच जोडलं असतं. पण त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की शिकणं ही चढती रेघ असते, आणि आमच्या घरी आल्यावर तो ती रेघ शोधत बसतो.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टीत काय असतं, हे मुलानेच मला दाखवलं. एडिटिंग करताना मंगलाष्टकांचा तुकडा मी कितीतरी वेळा मागेपुढे करतो. तो शेजारी बसून ऐकतो. त्यातला ‘सावधान’ त्याने उचलला. आधी नुसताच म्हणायचा, मी त्याला नक्कल समजत होतो. पण हळूहळू ध्यानात आलं की मिक्सर सुरू झाला, कुत्रं भुंकलं, घरात पाहुणे वाढले, की तो ‘सावधान’ म्हणतो. बस करा, असं त्याला सांगायचं असतं. या शब्दानंतर वाजंत्री वाजते आणि सगळं संपतं, एवढा अर्थ त्याने काढला आहे. हे विनोदी आहे, आम्ही हसतोही. पडद्यावर हा एकदाच आला तर हशा पिकेल आणि दृश्य पुढे जाईल. तो खरा कळायचा असेल तर विसाव्या वेळी कळेल.

2025 च्या जूनमध्ये आमिर खानचा ‘सितारे जमीन पर’ आला. मुलाला टॉकीजमध्ये नेण्याचा प्रश्नच नव्हता. दृष्टी आणि श्रवण अधू असलेल्या प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहात काय सोयी असाव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने 2024 मध्ये काढली आहेत. आवाज आणि अंधार सहन न होणाऱ्यांपर्यंत ती अजून पोहोचलेली नाहीत. पण 1 ऑगस्टला तो यूट्यूबवर 100 रुपयांत आला, आणि आम्ही तो दुकानाच्या स्क्रीनवर, आवाज बारीक करून, दिवे चालू ठेवून, तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. कथा स्पॅनिश सिनेमावरून घेतलेली, आणि गोष्ट शेवटी एका प्रशिक्षकाच्या सुधारण्याचीच. आमची मुलं सिनेमात पुष्कळदा दुसऱ्यांना माणूस बनवण्याच्या कामी येतात, ते इथेही आहे. तरी त्या प्रशिक्षकाच्या संघातल्या दहा कलाकारांची कामं मी एडिटरच्या नजरेने पाहिली. ते स्वतःच आमच्या मुलांसारखे आहेत. एखादा संवादाआधी थांबतो, तो थांबा त्याचा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो ठेवलेला आहे. तिथे कात्री आवरली, ही मला त्या सिनेमातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. त्याच वर्षी जुलैमध्ये अनुपम खेर यांचा ‘तन्वी द ग्रेट’ही आला होता, त्यांच्या भाचीवरून सुचलेला. तळमळ खरी आहे. पण तिथेही मुलीला सैन्यात जाऊन वडिलांचं स्वप्न पूर्ण करायचं असतं. पुन्हा डोंगर चढायचाच.

8 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘आँख मिचोली’ या सिनेमाच्या निमित्ताने एक निकाल दिला. दिव्यांगांची थट्टा करणारा विनोद आणि दिव्यांगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला, आणि अशा पात्रांना ना बिचारं करावं ना अतिमानव, चित्रण करताना त्यांनाच सोबत घ्यावं, असं सांगितलं. मला तो निकाल आवडला, कारण तो ‘दाखवू नका’ म्हणत नाही. न दाखवण्याचं काम आमच्याकडे आधीपासूनच चोख चालू आहे.

मी माझ्या धंद्यात जेवढं होतं तेवढं करतो. बुकिंगच्या वेळी आता मीच विचारतो, घरात कोणाला झगमगाटाचा किंवा आवाजाचा त्रास होतो का. सुरुवातीला लोक चमकतात, मग एखादी आई हळूच सांगते. अशा लग्नात व्हिडिओ लाइट थेट चेहऱ्यावर न मारता छताकडे वळवतो, फ्लॅश टाळतो, ड्रोन हळदीला उडवत नाही, आणि डीजेवाल्याला सांगून त्या कुटुंबाची बसायची जागा स्पीकरच्या मागच्या बाजूला करून घेतो. मोताळा तालुक्यातल्या एका लग्नात नवरीची लहान चुलत बहीण मांडवाच्या झालरीखाली गोल गोल फिरत होती. तिच्या आईने विचारलं, “हे घेता काय भाऊ? थोडंसं.” मी ते सगळं घेतलं आणि बराच वेळ ठेवलं, त्यावर सनई लावली. व्हिडिओ नेताना नवरीच्या वडिलांनी तेवढा भाग पाहिला आणि म्हणाले, लय मोठं झालं. तरी राहू द्या, म्हणाले.

अमेरिकेच्या ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये 2017 पासून ज्युलिया नावाची ऑटिस्टिक बाहुली आहे. तिला सुरुवातीला हाती धरून नाचवणारी कलाकार स्वतः ऑटिस्टिक मुलाची आई होती. ज्युलिया काही जिंकत नाही. उत्तर उशिरा देते, कधी देतच नाही, आणि बाकीचे तिच्याशी खेळत राहतात. आपल्या मराठी मालिकांत हे इतकं सोपं आहे. एकेका वाड्यात पंधरा-वीस माणसं असतात, वर्षानुवर्षं चालणारी कथा असते, आणि तोच प्रसंग तीन कोनांतून तीनदा दाखवायची सवय तर आधीचीच आहे. पुनरावृत्तीला एवढी जागा असलेलं दुसरं माध्यम नाही. त्या घरात एक असा मुलगा असावा. त्याने खून पाहिलेला नसावा, त्याने मृत्युपत्राचा आकडा पाठ केलेला नसावा, नायिकेचं मोठं मन सिद्ध करण्याचं काम त्याच्याकडे नसावं. विवाह विशेष भागात तोही पंगतीत बसलेला असावा, वाटी डाव्या बाजूला ठेवून. आणि ते काम अशाच एखाद्या मुलाला द्यावं, इतर कलाकारांसारखे रोजचे पैसे द्यावेत, सेटवरचे दिवे थोडे कमी ठेवावेत. दिवे कमी ठेवले तरी चित्र छान येतं. कसं, ते हवं असेल तर खामगावला या, मी दाखवतो.